नोंद नाही, तेथे दोष गृहीत धरा!

पनवेल सोडून गोवा महामार्गाने दक्षिणेस निघाले की आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे शिरढोण मागे पडते आणि कर्नाळ्याचा सुळका समोर उभा ठाकतो. पायथ्याशी पक्षी अभयारण्य आहे. तेथे प्रवेशशुल्क भरावे लागते आणि भरलेल्या पैशाची पावती हातात मिळते. पक्षी दिसला नाही, तरी आपण कोणत्या दिवशी आत गेलो आणि किती पैसे दिले, याचा कागद पर्यटकाच्या खिशात राहतो.

याच डोंगराच्या आसपासच्या गावांतील आणि वाड्यांतील माणूस आजारी पडला, की त्याच महामार्गाने उलट दिशेने पनवेल गाठतो. डॉक्टर चिठ्ठी लिहून देतात. औषधाच्या दुकानात काउंटरवरचा मुलगा चिठ्ठीवर नजर टाकतो, कपाटातून पट्टी काढतो, कात्रीने चार गोळ्या कापतो, कागदी पाकिटात घालतो आणि पाकिटावर पेनने दोन रेघा ओढून ‘सकाळ-संध्याकाळ’ असे सांगतो. बिल मागितलेच, तर ‘एवढ्याशा औषधाला बिल कशाला, काका?’ हे उत्तर ठरलेले असते. डोळ्यांनी पाहायच्या पाखराची पावती मिळते, पोटात जाणाऱ्या औषधाची मिळत नाही! ही विसंगती इतकी अंगवळणी पडली आहे की ती कोणाला खटकतही नाही.

ती खटकते तो दिवस मात्र फार उशिरा उगवतो. समजा, त्या पाकिटात भलतीच गोळी गेली. मधुमेह नसलेल्या आजीला साखर उतरविणारी गोळी दिली गेली आणि पहाटे ती बेशुद्ध अवस्थेत सापडली. घरच्यांच्या मनात शंका येते, शंकेचा संताप होतो आणि मुलगा दुकानात जाऊन जाब विचारतो. तेथे त्याला अत्यंत शांतपणे एकच प्रश्न विचारला जातो, ‘ही गोळी आमच्याच दुकानातली, हे कशावरून?’

या एका प्रश्नापुढे बहुसंख्य कुटुंबे माघार घेतात. दुकानदार खरा असतो म्हणून ती माघार घेत नाहीत. तो खोटा आहे हे दाखविणारा कागद त्यांच्याजवळ नसतो आणि जो कागद असायला हवा होता, तो निर्माण करण्याचे कर्तव्य ज्याचे होते, त्यानेच तो निर्माण केलेला नसतो. औषधाच्या चुकीने झालेल्या हानीचा सारा प्रश्न येथे येऊन अडतो.

सिद्धतेच्या साखळीचे चार दुवे

न्यायाच्या दारात दुःख पुरत नाही, पुरावा लागतो. हे तत्त्व योग्यच आहे आणि त्याला कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. औषधाच्या बाबतीत हा पुरावा चार दुव्यांचा असतो. डॉक्टरांनी काय लिहिले, हा पहिला दुवा. दुकानाने काय दिले, हा दुसरा. रुग्णाने काय घेतले, हा तिसरा. आणि जी हानी झाली ती त्याच औषधाने झाली, मूळ आजाराने नव्हे, हा चौथा. यांतील एक दुवा तुटला तरी साखळी तुटते आणि प्रतिपक्षाच्या वकिलाला एवढेच काम करायचे असते.

आता हे चार दुवे कोणाच्या ताब्यात असतात ते पाहावे. चिठ्ठी रुग्णाकडे असते, पण ती वाचता येण्याजोगी असेलच असे नाही. औषधे ठळक आणि वाचनीय अक्षरात, शक्यतो मोठ्या लिपीत लिहावीत, असा नियम भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ साली केला. त्यानंतरही अनेक चिठ्ठ्या वाचण्यासाठी दुकानदाराची दिव्यदृष्टीच लागते. दुसरा दुवा पूर्णतः दुकानाच्या हाती असतो. तिसरा दुवा कापलेल्या पट्टीबरोबर कचऱ्यात जातो. पट्टीवरील औषधाचे नाव, बॅच क्रमांक आणि मुदत बहुधा एकाच टोकाला छापलेली असते. ते टोक दुकानात राहिले, की रुग्णाच्या हातातील गोळ्या अनामिक होतात. चौथा दुवा रुग्णालयाच्या कागदपत्रांत असतो. म्हणजे ज्याला सिद्ध करायचे आहे त्याच्या हाती जवळजवळ काहीच नाही आणि ज्याच्याविरुद्ध सिद्ध करायचे आहे त्याच्या हाती जवळजवळ सर्व काही आहे.

कायदा मुका नाही

कायद्यात तरतूदच नाही, असा एक सोयीचा समज पसरलेला आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. १९४८ च्या फार्मसी कायद्याचे कलम ४२ सांगते की, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध तयार करून देण्याचे काम नोंदणीकृत फार्मासिस्टनेच करावयाचे आहे. १९४५ च्या औषध नियमांतील नियम ६५ त्याहून स्पष्ट आहे. चिठ्ठीवरील औषध फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच दिले पाहिजे. ते देतानाच नोंदवहीत अथवा बिलात त्याची नोंद झाली पाहिजे. त्या नोंदीत अनुक्रमांक, दिनांक, डॉक्टरांचे आणि रुग्णाचे नाव-पत्ता, औषधाचे नाव व प्रमाण असले पाहिजे. परिशिष्ट ‘एच’मधील, म्हणजे चिठ्ठीविना विकण्यास मनाई असलेल्या औषधांच्या बाबतीत उत्पादकाचे नाव, बॅच क्रमांक आणि मुदतही असली पाहिजे. त्याखाली फार्मासिस्टची स्वाक्षरी हवी. चिठ्ठीवर दुकानाचे नाव, पत्ता आणि औषध दिल्याचा दिनांक उमटला पाहिजे. आणि अशा चिठ्ठीवर लिहिलेल्या औषधाऐवजी दुसरी तयारी, मग ती त्याच द्रव्याची का असेना, दुकानदाराने परस्पर देऊ नये.

२०१४ च्या मार्चपासून काही प्रतिजैविके, क्षयरोगाची औषधे आणि सवय लावणारी औषधे यांच्यासाठी ‘एच-१’ हे आणखी कडक परिशिष्ट लागू झाले. त्यांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही तीन वर्षे जपून ठेवणे दुकानदारावर बंधनकारक आहे.

ही यादी शांतपणे वाचली, की एक गोष्ट ध्यानी येते. सिद्धतेच्या चारपैकी दुसरा, सर्वांत निर्णायक दुवा कायद्याने आधीच घडवून ठेवलेला आहे. कोणते औषध, कोणत्या बॅचचे, कोणी, कोणाला, कधी दिले, हे सारे त्या एका बिलात सामावते. जे दुकान ते बिल देत नाही, ते कायदा मोडतेच. त्याखेरीज उद्या आपल्या चुकीविरुद्ध उभा राहू शकणारा एकमेव साक्षीदार ते जन्मालाच येऊ देत नाही.

मग हे नियम पाळले का जात नाहीत? फार्मासिस्टचे प्रमाणपत्र भिंतीवर टांगलेले आणि फार्मासिस्ट मात्र भलतीकडेच नोकरीला, हा प्रकार महाराष्ट्राला नवा नाही. २०११ नंतर महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना फार्मासिस्टची उपस्थिती, चिठ्ठी आणि बिल या तीन गोष्टींचा आग्रह धरून तपासण्या सुरू झाल्या. तेव्हा औषध विक्रेत्यांच्या संघटनांनी दुकाने बंद ठेवण्याचे हत्यार उपसले होते. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या कायद्याची अंमलबजावणी मागितली म्हणून बंद! कायदा पुस्तकात असेपर्यंत तो सर्वांना मान्य असतो. तो दुकानाच्या पायरीवर आला, की तो ‘जाच’ ठरतो.

जिंकले कोण?

अशा स्थितीतही लढणारी माणसे या देशात निघाली आणि जिंकली. परंतु ती कोण होती आणि त्यांना किती वर्षे लागली, हे पाहिले म्हणजे विजयाचा आनंद झाकोळून जातो.

मे १९५३. रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या किनाऱ्यावर विशीतील एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. त्याला पुण्याला आणण्यात आले. शल्यविशारदांनी वेदनाशमनासाठी तासाच्या अंतराने दोन इंजेक्शने सांगितली होती. प्रत्यक्षात एकच दिले गेले आणि पुरेशी भूल न देता हाड बसविण्यात आले. त्याच रात्री तो मुलगा गेला. वडील स्वतः डॉक्टर होते. काय सांगितले, काय दिले आणि काय द्यायला हवे होते, हे त्यांना वाचता येत होते. ‘जोशी विरुद्ध गोडबोले’ या नावाने हा खटला न्यायशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे. सर्वोच्च न्यायालयाने वडिलांच्या बाजूचा निर्णय कायम केला तो मे १९६८ मध्ये. भरपाई रुपये तीन हजार. कालावधी पंधरा वर्षे.

१९९८ साली कोलकात्यात अमेरिकास्थित भारतीय डॉक्टरांच्या पत्नीला त्वचेच्या विकारासाठी डेपोमेड्रॉल हे स्टेरॉइड अतिरिक्त मात्रेत दिले गेले. तिला मुंबईस हलविण्यात आले आणि मुंबईतच तिचा अंत झाला. पती डॉ. कुणाल साहा यांनी लढा दिला. सर्वोच्च न्यायालयाने भरपाईचा अंतिम निर्णय दिला तो ऑक्टोबर २०१३ मध्ये. रक्कम पाच कोटी ९६ लाख, अधिक व्याज. कालावधी पुन्हा पंधरा वर्षे, आणि पुन्हा लढणारा स्वतः डॉक्टर!

या दोघांच्या मध्ये औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा खटला आहे. १९६३ च्या जुलैत तेथील सरकारी रुग्णालयात कुटुंबनियोजन शस्त्रक्रियेच्या वेळी एका बाळंतिणीच्या पोटात कापड राहिले आणि काही दिवसांतच ती दगावली. औषधाची चूक नसली, तरी दोष सिद्ध करण्याचा प्रश्न तोच. येथे पती डॉक्टर नव्हते. कनिष्ठ न्यायालयाने दिलेली ३६ हजारांची भरपाई उच्च न्यायालयात गेली आणि सर्वोच्च न्यायालयात परत मिळाली, ती फेब्रुवारी १९९६ मध्ये. बत्तीस वर्षांहून अधिक काळ! पोटात कापड सापडले, याहून स्पष्ट पुरावा कोणता असू शकतो? तरीही एवढा काळ गेला.

कर्नाळ्याच्या पायथ्याशी भातशेती करणारा, महामार्गावर वडापावची गाडी लावणारा किंवा पनवेलच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारा माणूस पंधरा वर्षे कोठून आणणार? डॉक्टर असलेला पिता आणि डॉक्टर असलेला पती यांनाही जो डोंगर चढायला दीड दशक लागले, तो चढण्यास याला सांगणे म्हणजे न्याय नाकारण्याचीच सभ्य रीत होय.

वस्तुस्थितीच बोलते तेव्हा

न्यायालयांनी मात्र वाट बंद केलेली नाही, हे प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. डिसेंबर १९९३ मध्ये दिल्लीच्या रुग्णालयात विषमज्वराने आजारी असलेल्या बालकासाठी डॉक्टरांनी क्लोरॅम्फेनिकॉल लिहिले. परिचारिकेने ते क्लोरोक्विन समजून वडिलांना त्याचे इंजेक्शन आणावयास सांगितले आणि शिरेतून टोचले. बालकाच्या हृदयाची क्रिया थांबली. ते वाचले, पण मेंदूला कायमची इजा घेऊन. ‘स्प्रिंग मेडोज’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मार्च १९९८ मध्ये बालकास साडेबारा लाख आणि आईवडिलांस पाच लाखांची भरपाई कायम केली. लेकराच्या यातनांनी खचलेले आईवडीलही ग्राहकच आहेत, असे न्यायालयाने मान्य केले. हे शक्य झाले, कारण कोणते औषध लिहिले होते आणि कोणते टोचले गेले, या दोन्ही गोष्टी ठरविता आल्या.

पुढे २०१० साली हैदराबादच्या ‘किशन राव’ खटल्यात, प्रत्येक प्रकरणी तज्ज्ञ साक्षीदार आणलाच पाहिजे असे नाही, चूक उघड दिसत असेल तर वस्तुस्थितीच बोलते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने दिला. आणि २००१ च्या ‘कॅडिला’ खटल्यात दोन औषधांच्या सारख्या नावांचा प्रश्न आला, तेव्हा औषधांच्या बाबतीत गोंधळाची कसोटी इतर मालापेक्षा अधिक कठोर असली पाहिजे, असे बजावले. येथील भाषांची विविधता, न वाचता येणारी चिठ्ठी आणि चिठ्ठीविना होणारी विक्री यांचे भान त्या निर्णयात आहे.

ही दृष्टी भारताला परकी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, कंटकशोधनाच्या अधिकरणात, औषधी द्रव्यांत तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या वस्तूची भेसळ करणाऱ्यास बारा पणांचा दंड सांगितला आहे. उपचारातील चुकीने रोगी मेला, तर वैद्यास मध्यम साहसदंड आहे. पनवेल हे १८७२ पासून धूतपापेश्वरसारखी औषधशाळा नांदविणारे गाव. औषध सिद्ध करणाऱ्याची आणि देणाऱ्याची जबाबदारी म्हणजे काय, हे तेथील माणसाला शिकवायला नको.

बॅच क्रमांक म्हणजे काय चीज आहे?

बिलातील बॅच क्रमांक हा अनेकांना निरर्थक आकडा वाटतो. तो किती मोलाचा असतो, हे महाराष्ट्राने दोनदा अनुभवले आहे. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात उपचारासाठी दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य निघाले आणि १४ रुग्णांचा बळी गेला. न्या. बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने रुग्णालयाची खरेदी, पुरवठादार आणि औषध प्रशासन यांची लक्तरे वेशीवर टांगली. तत्कालीन आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पायउतार व्हावे लागले. तेथे दोष उघड झाला, कारण मृत्यू एकाच रुग्णालयात, पाठोपाठ झाले आणि सरकारला न्यायमूर्ती नेमावे लागले. एखाद्या वाडीत एकटीच आजी गेली, तर तिच्यासाठी कोणता लेंटिन आयोग बसणार आहे?

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्याची लेकरे ‘कोल्ड्रिफ’ नावाच्या खोकल्याच्या औषधाने मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. त्यांपैकी अनेकांवर नागपुरात उपचार झाले होते. विष तेच, डायइथिलीन ग्लायकॉल. महाराष्ट्राच्या औषध प्रशासनाने लोकांना सावध केले ते ‘एसआर-१३’ या बॅचचे नाव घेऊन. ज्या घरात बाटली फेकून दिलेली होती आणि बिल नव्हते, त्या घराने आपल्या बाळाला पाजलेले औषध त्याच बॅचचे होते की नाही, हे कसे ओळखावे? दोष कारखान्याचा, वितरकाचा की दुकानाचा, हे ठरविणारी किल्ली त्या एका आकड्यात असते. बिल न देणारा दुकानदार ती किल्लीच विहिरीत टाकतो, आणि प्रसंगी स्वतःच्या निर्दोषपणाचा पुरावाही गमावून बसतो.

‘चूक कोणाकडूनही होते!’

या मागणीविरुद्ध दोन युक्तिवाद नेहमी केले जातात. पहिला असा की, चूक माणसाकडूनच होते आणि प्रत्येक चुकीला शिक्षा झाली तर कोणी दुकान उघडणार नाही. युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे. इंग्लंडमध्ये २००७ साली एका फार्मासिस्टने प्रेडनिसोलोनऐवजी प्रोप्रानोलोल दिले आणि ७२ वर्षांची रुग्ण स्त्री पुढे मरण पावली. २००९ मध्ये फार्मासिस्टला स्थगित कारावासाची शिक्षा झाली, २०१० मध्ये अपिलात ती ३०० पौंडांच्या दंडावर आली. त्यावरून तेथे मोठे मंथन झाले आणि २०१८ साली कायदाच बदलला. व्यवसायाच्या ओघात प्रामाणिक चूक झाली आणि ती कळताच रुग्णाला तातडीने कळविली, तर फार्मासिस्टला फौजदारी खटल्यात बचाव उपलब्ध झाला. भारतानेही असा विचार अवश्य करावा. पण त्या सवलतीची अट नीट वाचावी. चूक लपविणाऱ्यासाठी ती नाही, चूक सांगणाऱ्यासाठी आहे. आणि चूक सांगण्याआधी औषध कोणी दिले याची नोंद असावी लागते. नोंद न ठेवणाऱ्याने दयेची भाषा बोलू नये.

दुसरा युक्तिवाद असा की, पुराव्याचा भार दुकानदारावर टाकला तर खोट्या तक्रारींचा पूर येईल. मुळात मागणी सरसकट भार उलटविण्याची नाही. ज्या दुकानाने नियमाप्रमाणे बिल दिले, त्यावर फार्मासिस्टची स्वाक्षरी आहे, त्याच्याविरुद्ध तक्रारदारानेच सारे सिद्ध करावे. परंतु जेथे नोंद ठेवणे हे कायदेशीर कर्तव्य होते आणि ती ठेवली गेली नाही, तेथे चुकीचे औषध त्याच दुकानातून गेले असे गृहीत धरावे आणि ते खोडून काढण्याची जबाबदारी दुकानदारावर असावी. हे तत्त्व आकाशातून पडलेले नाही. जी गोष्ट विशेषकरून एखाद्याच्या माहितीत आहे, ती सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर, हा नियम जुन्या पुरावा कायद्याच्या कलम १०६ मध्ये होता आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १०९ मध्ये आहे. जो पुरावा देऊ शकतो आणि देत नाही, त्याच्याविरुद्ध अनुमान काढण्याची मुभाही न्यायालयाला आहे. आता गरज आहे ती औषध नियमांतच हे गृहीतक स्पष्ट शब्दांत लिहिण्याची, म्हणजे प्रत्येक कुटुंबाला त्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागणार नाही.

याचा सर्वांत मोठा लाभ प्रामाणिक फार्मासिस्टला होईल, हेही ध्यानात घ्यावे. तो आज पूर्ण वेळ दुकानात उभा राहतो, डॉक्टरांना फोन करून खात्री करतो आणि बिलही देतो. शेजारचा मात्र भाड्याच्या प्रमाणपत्रावर दोन टक्के जास्त सूट देऊन त्याचे गिऱ्हाईक पळवितो. नोंदीला किंमत आली, तर प्रामाणिकपणालाही येईल.

कुटुंबांनी आणि कार्यकर्त्यांनी काय करावे?

शासन नियम बदलेल तेव्हा बदलेल. तोवर समाजाने स्वस्थ बसण्याचे कारण नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम उभे केले, तेव्हा देशात ग्राहक संरक्षण कायदा नव्हता. तो १९८६ च्या डिसेंबरात आला. डॉक्टरांची सशुल्क सेवा त्याच्या कक्षेत आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले. आधी ग्राहक जागा झाला, मग कायदा जागा झाला, हा क्रम विसरता कामा नये.

प्रत्येक घराने काही साध्या सवयी लावून घ्याव्यात. बिलाशिवाय औषध घेऊ नये, मग ते दहा रुपयांचे असो. बिलावर रुग्णाचे नाव, औषध, बॅच क्रमांक आणि स्वाक्षरी आहे का, हे काउंटरवरच पाहावे. पट्टी कापायचीच असेल, तर नाव आणि बॅच असलेला तुकडा मागून घ्यावा. चिठ्ठी आणि पट्टी शेजारी ठेवून नावे ताडून पाहावीत. घरातील शाळकरी मुलांना हे काम द्यावे, ती ते आनंदाने करतात.

आणि दुर्दैवाने हानी झालीच, तर संतापाच्या भरात दुकानाशी भांडून पुरावा त्याच्या हाती परत देऊ नये. उरलेल्या गोळ्या, पाकीट, पट्टी, बाटली आणि चिठ्ठी जपून ठेवावी, त्यांची छायाचित्रे काढावीत. रुग्ण ज्या डॉक्टरांकडे नेला, त्यांना संशयित औषध दाखवून ते केसपेपरवर लिहावयास सांगावे. हानीचा चौथा दुवा तेथेच जुळतो. रुग्णालयाकडे कागदपत्रे लेखी मागितली, तर ती ७२ तासांत देण्याचे बंधन वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनी घातलेले आहे. औषधाच्या प्रतीविषयी शंका असेल, तर औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम २६ नुसार कोणत्याही खरेदीदाराला शुल्क भरून शासकीय विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते. हा अधिकार फार थोड्यांना ठाऊक आहे.

तक्रारीचे दोन मार्ग आहेत आणि ते एकाच वेळी चालू शकतात. दुकानाच्या परवान्याविषयी अन्न व औषध प्रशासनाकडे. भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे. रायगडकरांसाठी आयोग अलिबागेस आहे. २०१९ च्या कायद्याने तक्रारदाराला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा दिली आहे. वस्तू वा सेवेसाठी मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल, तर तक्रारीस शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे, ती हातची जाऊ देऊ नये. सरकारी रुग्णालयातील मोफत उपचार या कायद्याखाली येत नाहीत. तेथे दिवाणी दाव्याचाच मार्ग आहे.

फौजदारी तक्रारीचा मोह आवरावा, असे मात्र सुचवावेसे वाटते. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली निष्काळजीपणाने मृत्यू घडविणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि नोंदणीकृत डॉक्टरांना मिळणारी दोन वर्षांची मर्यादा फार्मासिस्टला लागू नाही. परंतु वैद्यकीय क्षेत्रातील फौजदारी गुन्ह्यास ढोबळ स्वरूपाचा निष्काळजीपणा लागतो, हे २००५ च्या ‘जेकब मॅथ्यू’ निर्णयाने ठरविले आहे आणि संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. दोष सिद्ध होण्याची शक्यता ग्राहक आयोगात अधिक असते.

हे सारे एकट्या कुटुंबाला झेपणारे नाही. म्हणूनच स्थानिक कार्यकर्त्यांचे काम येथे सुरू होते. पनवेल, पेण आणि उरण परिसरातील प्रत्येक वस्तीत दोन माणसे अशी हवीत, ज्यांना हे नियम तोंडपाठ आहेत, जी तक्रारीचा मसुदा लिहून देतील आणि तारखेला सोबत अलिबागला जातील. भगिनी मंडळांनी महिन्यातून एकदा आपापल्या घरची औषधांची बिले एकत्र ठेवून पाहावीत. कोणते दुकान बिल देत नाही, हे आठवडाभरात कळेल. त्या दुकानावर मोर्चा नेण्याची गरज नाही. दहा घरांनी शांतपणे शेजारच्या दुकानाची पायरी चढावी आणि अकराव्याने प्रशासनाकडे लेखी तक्रार करावी.

कर्नाळ्याच्या दारात पावती मागावी लागत नाही, ती मिळते. पनवेलच्या औषधाच्या दुकानातही ती न मागता मिळाली पाहिजे, आणि ज्याने ती दिली नाही त्याला ‘हे कशावरून?’ असे विचारण्याचा अधिकार राहता कामा नये. तो प्रश्न यापुढे रुग्णाच्या मुलाने दुकानदाराला विचारावयाचा आहे.